लेबल

फुलेवाडीत राहता आणि फुलाचं नाव माहीत नाही,
असं म्हणून सून हसली.
गुलाबाच्या कुंडीत, गुलाबाला न विचारता आलेलं,
शर्टाच्या बटणाएवढं पिवळं फूल,
तीन-तीन पानांची दाटी,
बाहुलीच्या स्वयंपाकातल्या भेंडीसारख्या शेंगा,
हात लावला की टणकन बी उडवणाऱ्या.
दोनशे रुपयांचा गुलाब मान टाकून,
हे फुकटचं मात्र रोज सकाळी
लग्नाला निघाल्यासारखं तयार.

कॉलेजच्या रसायनशाळेत एकतीस वर्षं
मी बाटल्यांना लेबलं लावली.
लेबल सुटलेली बाटली म्हणजे धोका:
वास घ्यायचा नाही, अंदाज करायचा नाही.
तो नियम अजून बोटांत आहे.

दर गुरुवारी बालिंग्याहून मावशी येतात भांगलायला.
त्यांना विचारलं. वर न बघता म्हणाल्या,
"आंबुटी की हो. कधी खाल्ली न्हाईसा?"
आणि मातीसकट चिमूट पुढं केली.
खाल्ली.
डावा डोळा आपोआप मिटला
आणि ओळख पटली:
दुसरं कपाट, खालची फळी,
ऑक्झॅलिक ॲसिड, पांढरे खडे,
माझ्याच अक्षरात, खाली लाल शाईनं 'विष'.
"तुमी इख म्हणा," मावशी म्हणाल्या,
"आमची आय ह्यानंच तांब्या घासायची.
सोन्यागत निघायचा.
उरल्याली चटणीत."

लेबलांची जुनी वही घरात होती,
लाल चौकटीची, पाठीला डिंक.
जिभेनं ओलं करून कुंडीला लावलं: आंबुटी.
"काय लिवलासा?"
वाचून दाखवलं.
त्यांनी हात पदराला पुसले.
"मग माजंबी लिवा की एक."

'माव' इतकं लिहून पेन थांबलं.
चार वर्षं झाली होती.
"नाव?"
"नकुसा."
मागच्या गल्लीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.
"चार पोरींवर पाचवी मी. ह्ये नाव ठेवलं
आनि पाठीवर भाऊ झाला! लागू पडलं न्हवं?"
त्या हसल्या. मी आधी नाही, मग उगीच हसलो.
"दुसरं काही लिहू का?"
"कशाला? आधार ह्याच नावानं, रेशन ह्याच नावानं.
मागं हापिसातली बाय आल्ती, नाव बदलून देतो म्हनून.
आमच्या शेजारनीनं घेतलं, ऐश्वर्या.
हाक मारली तर वळत न्हाई."
मग खुरपं दुसऱ्या हातात घेऊन,
"आनि तुमचं वो?"

कॉलेजात सगळे मला मामा म्हणत.
पोरं, सर, प्राचार्यसुद्धा.
शाल-नारळाच्या दिवशी भाषणातही 'आपले मामा'.
"आकाराम," मी म्हणालो,
हजेरीला उभं राहिल्यासारखा.
"आकाराम," त्यांनी एकदा म्हणून बघितलं,
आणि परत वाफ्याकडं वळल्या.

पुढच्या गुरुवारी त्यांनी सगळं भांगलून काढलं,
लेबलाची कुंडीसुद्धा.
"नाव लावलं म्हनून गुलाब खायाचं सोडंल व्हय ती?"
पिशवीभर आंबुटी घेऊन गेल्या.
कुंडीवर नाव राहिलं, आत काळी माती.

त्यांचं लेबल खुरप्याच्या मुठीवर आहे.
अंगठा नेमका पहिल्या अक्षरावर पडतो.
'न' झिजत चाललाय, दिवाळीपर्यंत जाईल,
मागं 'कुसा' उरेल.
त्यांना वाचता येत नाही, मी सांगत नाही.
वहीत लेबलं अजून पुष्कळ आहेत,
मागतील तेव्हा बघू.

आज दिवेलागणीला पाणी घालायला वाकलो
तर कुंडीच्या कडेला, लेबलाच्या बरोबर वर,
तीन पानं
छत्रीसारखी मिटून झोपलेली.
कुणी पेरली नव्हती.
उद्या गुरुवार.